कोजागरीच्या आदल्या रात्री, भंडारदऱ्याला दोघंच

आखणी

नवऱ्याची कंपनी तीन शिफ्टमध्ये चालते आणि माझी बँक सकाळी उघडते. त्याची सेकंड असली की तो घरी येतो तेव्हा मी झोपलेली असते, नाईट असली की मी निघताना तो दारातून आत येत असतो. बोलणं होतं ते 'कुकर लावून ठेवलाय' आणि 'गॅस बुक कर' एवढंच. अशा दोघांनी मोठ्या मुश्किलीनं मिळालेल्या सुट्टीतला एक अख्खा दिवस गाडीत बसून घालवायचा, हे मला पटत नाही. म्हणून आमची पहिली अट ठरलेली असते: नाशिकहून दोन तासांच्या आत पोचता आलं पाहिजे.

या अटीत बसणारी ठिकाणं तशी बरीच. त्र्यंबक फार जवळ, शिवाय तिथं गेलं की नातेवाईकांकडे जावंच लागतं. सापुताऱ्याला सुट्टीत पाय ठेवायला जागा नसते. इगतपुरीला राहायची सोय उत्तम, पण रिसॉर्टच्या आवारातच दोन दिवस काढायचे तर डोंगरात कशाला जायचं? उरलं भंडारदरा. घोटीमार्गे साधारण सत्तर किलोमीटर.

ठिकाणापेक्षा मी जास्त विचार केला तो तारखेचा. पावसाळ्यात भंडारदऱ्याला धबधब्यांची गर्दी असते आणि गाड्यांच्या रांगा. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की पुन्हा तेच. मधे आश्विनातले थोडे दिवस असे असतात की पाऊस परतलेला असतो, तळं काठोकाठ असतं, गवत खालून हिरवं आणि शेंड्याला पिवळं व्हायला लागलेलं असतं. दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटकतं, पण सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. दोघांनी जायला वर्षात याहून चांगले दिवस नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

त्यातही चंद्र बघून तारीख काढली. कोजागरी रविवारी येत होती, आणि त्याच्या आदल्या दिवशी बँकेचा दुसरा शनिवार. म्हणजे शनिवारी रात्री चतुर्दशीचा चंद्र. पौर्णिमेला चंद्र मावळतीच्या सुमारास उगवतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आदल्या दिवशी तो सूर्यास्ताच्या पाऊण तासभर आधीच वर आलेला असतो. तेवढा वेळ सूर्य आणि चंद्र दोन्ही आकाशात, एकमेकांसमोर. हे ज्या जागेवरून दोन्हीकडे दिसेल अशी जागा मला ठाऊक होती, आणि सगळी आखणी मी त्या पाऊण तासाभोवती केली. बाकी वेळ मुद्दाम मोकळा ठेवला. कळसूबाई नाही, रतनगड नाही. सांदण दरीचा तर प्रश्नच नव्हता, ऑक्टोबरात तिच्यात पाणी साचलेलं असतं.

राहायची जागा शोधताना फोनवर एकच प्रश्न विचारत गेले: रात्री स्पीकर लावता का? तळ्याकाठी तंबू लावणाऱ्यांची आता रांग झाली आहे, आणि शनिवारी रात्री त्यातल्या कितीतरी ठिकाणी गाण्यांचा दणदणाट असतो. "लावतो की, डीजे पण आहे" असं अभिमानानं सांगणारेही भेटले. शेवटी पांजरे गावाच्या बाजूला एका घरी खोली मिळाली. फोनवरच्या मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं काई नाई बाई, गाणी-बिणी. म्हशी भ्यात्यात." मी तिथंच नक्की केलं.

शुक्रवार

नवऱ्याची फर्स्ट होती, त्यामुळे मी बँकेतून येईपर्यंत त्यानं टायरची हवा बघून, सामान गाडीत ठेवून, थर्मासमध्ये चहा भरून ठेवला होता. सहाला निघालो. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी. घोटीत टाकी फुल केली आणि थोडी रोकड काढली. तळ्याच्या पलीकडच्या गावांमध्ये रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे मोबाईलवरून पैसे देण्यावर विसंबता येत नाही.

घोटीला महामार्ग सुटला की रस्ता एकदम आपला होतो. ट्रक संपतात, भातखाचरं सुरू होतात. त्रयोदशीचा चंद्र डाव्या हाताला चांगला वर आला होता. बारी गावाजवळ उजवीकडे कळसूबाईची रांग उभी राहिली. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. चांदण्यात तिची फक्त कड दिसत होती. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली, दिवे बंद केले, आणि आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. कॉलेजात असताना तो मित्रांबरोबर रात्रीच चढून वर गेला होता, शिड्यांच्या वेळी एकाचा टॉर्च खाली पडला आणि बाकीची चढण सगळ्यांनी एका टॉर्चवर केली. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही नवऱ्याकडून नवी गोष्ट ऐकायला मिळते, फक्त ती सांगायला त्याला रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटं मिळायला हवीत.

शेंडी गावातून पुढे वनखात्याच्या नाक्यावर पावती केली आणि तळ्याच्या उत्तरेच्या काठानं पांजऱ्याकडे निघालो. पावसानं रस्त्याला जागोजागी खड्डे पडले होते आणि वळणावर गुरं बसलेली होती, म्हणून सावकाश. पोचलो तेव्हा मावशींनी चूल पेटती ठेवली होती. तांदळाची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवून अंगणात बाजेवर बसलो आणि किती वेळ बसलो ते कळलं नाही.

शनिवार

सकाळी घरामागच्या उतारावर सगळं पिवळं होतं. मला वाटलं, सोनकी. मावशी म्हशीला पाणी दाखवून येत होत्या, त्या म्हणाल्या, "ती सोनकी वर कातळाला. ही खुरासणी हाये, पेरल्याली."

मग आम्ही दोन्ही फुलं शेजारी धरून पाहिली. सोनकीचं फूल लहान, झुपक्यात येणारं. ती आपली आपण उगवते, डोंगरउतारावर, बांधाच्या दगडात. खुरासणीचं फूल मोठं, आठेक रुंद पाकळ्यांचं, प्रत्येक पाकळीच्या टोकाशी किंचित खाच, आणि मधल्या पिवळ्या गोंड्यावर मधमाश्या इतक्या की झाडं हलल्यासारखी वाटत होती. देठ हातात घेतला तर खरखरीत. आपण जिला कारळं म्हणतो, ज्याची चटणी करतो, तेच हे पीक. अकोले आणि इगतपुरीच्या डोंगराळ भागात भात होत नाही अशा वरकस जमिनीवर नाचणी, वरईबरोबर ते घेतात आणि घरचं तेल त्यातूनच निघतं. फोटोसाठी लोक थेट शेतात शिरतात, झाडं आडवी होतात आणि त्यांचं बी हाती लागत नाही, असं मावशी सांगत होत्या. आवाजात राग नव्हता, पण मला वाईट वाटलं. बांधावर उभं राहूनही फोटो छान येतो. पिवळ्या रंगाच्या शोधात इकडे येणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं म्हणून त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मावशींच्या घरातही मडक्यात राख घालून वालाचं आणि दोडक्याचं बी ठेवलेलं होतं. नवऱ्यानं ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. आमच्या गॅलरीत कुंड्या किती आहेत याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालला होता, ते मला कळत होतं.

उन्हाच्या आधी रतनवाडी. शेंडीहून तिथवर होडीनंही जाता येतं, पण आम्ही गाडीनंच तळ्याला वळसा घातला. अमृतेश्वराचं मंदिर बघायचं तर घाई करू नये. शिखर भूमिज शैलीचं आहे. म्हणजे छोट्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक अशा रांगांनी वर चढत जातात. दुरून ते नुसतं नक्षीदार दिसतं, जवळ गेल्यावर एकेक लहान शिखर वेगळं कळायला लागतं. भर पावसात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरलं होतं, फरशी ओली आणि गार होती. अनवाणी पायांना तो गारवा इतका बरा वाटला की आम्ही खांबाला टेकून तिथंच बसलो.

जवळच पुष्करणी आहे. चौकोनी, पायऱ्यांची, आणि भिंतीत कोनाडे, त्यांत विष्णूच्या मूर्ती. पाणी निवळशंख होतं. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात की अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळतं. पाऊस सरल्यावर गाळ खाली बसतो, त्याच सुमारास हा तारा पहाटे दिसायला लागतो, म्हणून दोन्हींची सांगड बसली असावी. अगस्ती ऋषींचा आश्रम खाली अकोल्याला प्रवरेच्या काठी आहे आणि प्रवरा इथं रतनगडावर उगम पावते. तारा, ऋषी आणि नदी अशी तिन्ही एका तालुक्यात सापडतात. नवरा म्हणाला, "मग उद्या पहाटे उठायचं का, तारा बघायला?" सुट्टीच्या दिवशी आपणहून पहाटे उठायची गोष्ट त्यानं काढली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुपारी जेवून झोपलो. दोघंही, एकाच वेळी, घड्याळ न लावता.

साडेचारला घाटघरला निघालो. हीच ती जागा. गाव ओलांडून कड्याशी गेलं की सह्याद्री संपतो आणि खाली एकदम कोकण सुरू होतं, शहापूरच्या बाजूचं. उजवीकडे अलंग, मदन, कुलंगचे कातळ, डावीकडे साम्रदच्या बाजूचे कडे, समोर सगळं खोल आणि धुरकट निळं. इथं पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कड्यावर धुक्याशिवाय काही दिसत नाही. पाऊस परतल्यावर ही हवा उघडते.

कड्याखाली चोंढ्याचा जलाशय चमकत होता, घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाचा खालचा. नवऱ्याचं काम मेंटेनन्सचं, मोटारी आणि पंपांशी त्याचा रोजचा संबंध. त्यानं काडी घेतली आणि जमिनीवर वरचा बंधारा, खालचा बंधारा आणि मधे डोंगराच्या पोटातलं वीजघर काढून दाखवलं. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडून वीज करायची. रात्री मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून, शिल्लक वीज वापरून, खालचं पाणी पुन्हा वर चढवायचं. १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत, २००८ पासून चालू. चढवायला जितकी वीज लागते त्यापेक्षा मिळते कमी, तरीही परवडतं, कारण ती हव्या त्या वेळी मिळते. हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. त्याचं काम मला एरवी दिसतं ते त्याच्या थकव्यातून. त्या संध्याकाळी मला ते त्याच्या आवडीतून दिसलं. मी प्रश्न विचारत राहिले आणि तो काडीनं रेघा ओढत राहिला.

आणि मग मी त्याला म्हटलं, "अरे, मागे बघ."

पूर्वेला डोंगराच्या खांद्यावर चंद्र आला होता. फिका, जवळजवळ पांढरा, कारण अजून ऊन होतं. समोर सूर्य कोकणाच्या धुरकटीत उतरत होता आणि त्याचा तांबडेपणा अलंगच्या कातळावर चढत होता. चंद्र सुरुवातीला नुसता कागदी दिसतो. सूर्य जसजसा खाली जातो तसतसा त्याला रंग भरतो: आधी किंचित पिवळसर, मग साईसारखा, आणि सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळानं जमिनीवर आपली सावली पडायला लागते, तीही आधीच्या उलट दिशेला. थोड्या वेळापूर्वी आमच्या सावल्या पूर्वेला लांब पडल्या होत्या, आता त्या पश्चिमेला, कड्याच्या दिशेनं पडत होत्या. हे बदलताना बघायला अर्धा-पाऊण तास एका जागी उभं राहावं लागतं. आम्ही हात धरून उभे होतो. आसपास आणखी पाच-सहा जण होते, सूर्य बुडाल्याबरोबर ते गाड्यांकडे वळले. तुम्ही कधी गेलात तर तेव्हा निघू नका.

परत येताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच. मावशींकडे म्हशीचं दूध सांगून ठेवलं होतं आणि वेलची, जायफळ, चारोळी, केशर मी घरून पुडीत आणलं होतं. कोजागरी दुसऱ्या दिवशी होती, तरी दूध आटवलं. मावशींनाही पेले भरून दिले. त्यांच्या नातीला केशराची काडी दुधात रंग कसा सोडते ते बघायचं होतं, ती तिथून हलेना. नंतर आम्ही दोघं तळ्याच्या काठाला जाऊन बसलो. पलीकडच्या काठावरून गाण्याचा आवाज बारीकसा येत होता, दहानंतर तोही थांबला. बोललो भरपूर. काय ते इथं लिहीत नाही.

रविवार

साडेचारचा गजर त्यानंच लावला होता. चंद्र पश्चिमेला, घाटघरच्या बाजूला खाली गेला होता. दक्षिणेला मृगाखाली व्याध झगझगीत, आणि त्याच्या बरंच खाली, पाण्यापलीकडे रतनगडाच्या रांगेवर, एक मोठा शांत तारा. तोच अगस्ती. आकाशातल्या ताऱ्यांत व्याधाच्या खालोखाल तेजस्वी, पण आपल्याकडून तो दक्षिण क्षितिजाच्या फार वर येतच नाही, त्यामुळे शहरात इमारतींमागे राहून जातो. इथं त्याच्यासमोर फक्त तळं आणि डोंगर होता. एकाच शालीत दोघं बसलो आणि चंद्र मावळेपर्यंत हललो नाही.

उजाडल्यावर निरोप घेतला. मावशींनी वालाचं बी कागदात बांधून नवऱ्याच्या हातात दिलं.

जाताना विल्सन धरण पाहिलं. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं, त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. ८२ मीटर उंच दगडी भिंत आहे, खालच्या बागेतून वर बघितलं की तिची उंची कळते. पुढे रंधा धबधब्यापर्यंत जाऊन आलो. धरणातून पाणी सुटलेलं असलं तर तो बघण्यासारखा असतो, आणि त्या दिवशी बऱ्यापैकी पाणी होतं. कठड्याच्या पुढे अजिबात जाऊ नये, खडक शेवाळलेले असतात.

इथून खाली गेलेली प्रवरा अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते आणि पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे आमच्या घराजवळून वाहणारं पाणी आणि पांजऱ्याच्या अंगणासमोरचं पाणी शेवटी एकाच पात्रात येतं. हे मी बोलून दाखवल्यावर नवऱ्यानं पुढच्या सहलीसाठी टोक्याच्या संगमाचं नाव घेतलं. पण नाशिकहून ते दोन तासांच्या अटीत बसत नाही.

दुपारी दीडला घरी. त्याची त्याच रात्रीपासून नाईट सुरू होत होती, म्हणून जेवून तो झोपला. संध्याकाळी गच्चीवर सोसायटीची कोजागरी होती. तो डबा घेऊन निघायच्या आधी दहा मिनिटं वर आला, दूध प्यायला आणि गेला.

पुढची तारीख निघाली आहे. या वेळी चांदणं पाहिलं, आता त्याला काळोखातलं आकाश बघायचं आहे. आश्विनातली अमावास्या दिवाळीत जाते, म्हणून कार्तिक अमावास्येच्या जवळचा चौथा शनिवार धरलाय. नोव्हेंबर संपताना अगस्ती रात्री दहाच्या सुमारास उगवतो, अकरापर्यंत डोंगराच्या वर यायला हरकत नाही, त्यामुळे पहाटे उठायची गरज नाही. थंडी मात्र कडक असेल. मावशींना फोन करून खोली सांगून ठेवली आहे आणि दोन जास्तीच्या घोंगड्याही.